उटणं, अत्तर, सुगंधी तेल: त्वचेला लावण्याआधीचं गणित

धण्याचं सुगंधी तेल (इसेन्शियल ऑइल) काढलं तर त्यात निम्म्याहून जास्त लिनालूल नावाचं सुगंधी द्रव्य निघतं. लॅव्हेंडरच्या तेलाचाही मोठा भाग लिनालूलच, आणि कारखान्यात बनून परफ्यूममध्ये जातं तेही लिनालूलच. त्वचेला त्याचं गाव कळत नाही. तिला कळतं ते एवढंच: किती लागलं, किती वेळ राहिलं, तेल ताजं होतं की अर्ध्या बाटलीत वर्षभर हवा खात पडलं होतं, आणि लावून माणूस उन्हात गेला की सावलीत बसला. डबीवर 'नॅचरल' छापल्याने यातलं काहीच बदलत नाही. तेव्हा वनस्पतीचा सुगंध त्वचेवर वापरायचा असेल तर याच चार गोष्टी सांभाळायच्या.

त्रास एकाच जातीचा नसतो

पहिली जात साध्या जळजळीची. तीव्र तेल लागलं की काही मिनिटांत, फार तर काही तासांत आग होते. ती कोणालाही होते, आणि मात्रा कमी केली की बंद होते. दालचिनी, लवंग, पुदिना ही इथली नेहमीची मंडळी.

दुसरी जात ॲलर्जीची, आणि ती लबाड असते. पहिल्या वापरात काहीच होत नाही. शरीर तो रेणू ओळखायला शिकतं, त्याला किमान दहा-बारा दिवस लागतात, कधी वर्षं जातात. एकदा शिकलं की पुढच्या वेळी लावल्यावर एक ते तीन दिवसांनी खाज आणि पुरळ उठतं, आणि ही ओळख बहुतेकदा जन्मभर राहते. त्यामुळे 'दहा वर्षं हेच तेल लावतेय, काही झालं नाही' हा पुरावा होत नाही. दोन दिवसांच्या या अंतरामुळे दोषही भलत्याच गोष्टीवर जातो: शनिवारी नवं क्रीम लावलेलं असतं, सोमवारी चेहरा उठतो आणि रविवारच्या कोळंबीवर खापर फुटतं.

तिसरी जात उन्हाची. तिच्याकडे पुढे येऊच.

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर आणखी एक अडचण होते. पुस्तकात दाखवतात तशी लाली आपल्याकडे दिसतेच असं नाही. दिसतो तो काळपटपणा: कपाळाच्या कडेला, गालांवर, मानेवर राखाडी-तपकिरी छटा, कधी खाजही नसताना. सुगंधी घटकांमुळे येणाऱ्या अशा काळपटपणाला त्वचारोगतज्ज्ञ 'पिगमेंटेड कॉन्टॅक्ट डर्माटायटिस' म्हणतात. घरी मात्र 'उन्हाने रापलं' म्हणून त्यावर आणखी लिंबू आणि आणखी सुगंधी लेप चढतो. काळपटपणा वाढत चालला असेल तर नवं काही लावण्याआधी जुनं काय चालू आहे ते थांबवा.

कागदी लिंबू आणि दुपारचं ऊन

महाराष्ट्रात 'लिंबू' म्हणजे कागदी लिंबू, आणि उन्हाच्या बाबतीत नेमकं तेच वाईट. त्याच्या सालीत फ्युरोकौमारिन जातीचे रेणू असतात, रसापेक्षा सालीत कितीतरी जास्त. ते त्वचेत मुरले आणि वर उन्हातले युव्हीए (अतिनील) किरण पडले की पेशी होरपळतात. याला ॲलर्जी लागत नाही. कोणाचीही त्वचा होरपळते.

कोपरांचा काळेपणा जावा म्हणून पिळलेल्या लिंबाची साल घासली आणि तसंच बाहेर पडलं, तर त्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी चुरचुरतं. दोन-तीन दिवसांत लालसर पट्टे येतात, कधी फोडही. मग उरतो तो तपकिरी डाग, आणि त्याचा आकार सगळं सांगून जातो: जिथून रस ओघळला तिथून ओघळाच्याच रेषा. हे डाग जायला आठवडे, कधी महिने लागतात. सरबताच्या गाडीवर दिवसभर लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांना हाच धोका असतो. शिवाय लिंबाच्या रसाचा सामू (पीएच) दोन-अडीचच्या आसपास असतो, त्यामुळे ऊन नसलं तरी चेहऱ्यावर त्याला जागा नाही.

बाटलीतल्या तेलांत फरक आहे तो काढण्याच्या पद्धतीचा. साल दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकौमारिन येतात. वाफेवर काढलेल्या तेलात ते जवळपास नसतात, कारण ते वाफेबरोबर वर चढत नाहीत. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत दाबून काढलेल्या तेलाची सुरक्षित मर्यादा अशी धरतात: बर्गमॉट (लिंबूवर्गातलंच एक फळ) ०.४ टक्के, कागदी लिंबू ०.७ टक्के, पिवळं मोठं लिंबू २ टक्के, ग्रेपफ्रूट ४ टक्के. गोड संत्र्याच्या तेलाला ही अडचण नाही. मर्यादेच्या वर गेलात तर त्या भागावर बारा तास तरी ऊन नको. जुन्या पद्धतीच्या ओ-द-कोलोनमध्ये बर्गमॉट असतं, आणि मानेवर ते शिंपडून उन्हात गेलेल्यांच्या गळ्यावर लोलकासारखे ओघळते डाग पडत. या डागांना वैद्यकात वेगळं नावच आहे, 'बर्लोक'.

याच कुळातले रेणू बावचीत असतात. कोडावर डॉक्टर बावचीतलं सोरालेन मोजून मापून वापरतात ते याच गुणामुळे: उन्हाने रंग यावा म्हणून. आणि हीच बावची काही उटण्यांच्या यादीत 'कांतीसाठी' म्हणून सापडते. ते पाकीट खाली ठेवा.

तेल शिळं होतं

सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. ताजं लिमोनीन किंवा ताजं लिनालूल ॲलर्जी करण्यात फारसं तेज नाही. पण त्यांना हवा लागली की ऑक्सिजन धरून हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात, आणि खरा उपद्रव त्यांचा. लिमोनीन सगळ्या संत्रा-लिंबूवर्गात, लिनालूल लॅव्हेंडर, धणे आणि तुळशीच्या काही जातींत. टी ट्री तेलही असंच हवेने बिघडतं. म्हणजे त्याच बाटलीतलं तेच तेल पहिल्या महिन्यात निरुपद्रवी आणि दीड वर्षाने त्रासदायक असू शकतं. 'हे तर मला आधी चालत होतं' यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

यावर उपाय सोपे आहेत. १० मिलीचीच बाटली घ्या. ५० मिली स्वस्त पडली तरी ती संपेपर्यंत शिळी होते. काच गडद रंगाची हवी. उघडल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहा. बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, न्हाणीघरातल्या फळीवर नको. तिथे रोज वाफ आणि उष्णता असते. निम्मी संपली की उरलेलं छोट्या बाटलीत काढा, म्हणजे वर हवेचा थर राहत नाही. लिंबूवर्गीय तेलं आणि टी ट्री उघडल्यापासून सहा महिने ते वर्ष, लॅव्हेंडर वर्ष-दोन वर्षं, एवढंच चालवा. वाळा आणि चंदनाचं तेल याला अपवाद: त्यांचे जड रेणू हवेने लवकर बिघडत नाहीत, उलट वर्षागणिक सुगंध गोल होत जातो. वासात टर्पेंटाइनची झाक आली, तेल घट्ट किंवा चिकट झालं, की ते त्वचेसाठी संपलं. फरशी पुसायच्या पाण्यात घाला.

थेंबांचा हिशेब

बाजारातल्या ड्रॉपरचे १ मिलीत २० ते ३५ थेंब पडतात. हिशेबाला २० धरा, म्हणजे चूक झाली तरी कमी मात्रेच्या बाजूला होईल. वारंवार करणार असाल तर ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. थेंब मोजण्यापेक्षा वजन केव्हाही भरवशाचं.

चेहऱ्यावर राहणाऱ्या तेलात ०.५ टक्क्यावर जाऊ नका. ३० मिली बदाम किंवा तिळाच्या तेलात ०.५ टक्के म्हणजे ०.१५ मिली, म्हणजे ३ थेंब. इंटरनेटवरच्या कृतींत याच ३० मिलीला दहा-पंधरा थेंब सांगतात; ते दीड ते अडीच टक्के झालं. अंगाला लावायच्या तेलात १ टक्का पुरे: १०० मिली खोबरेल, २० थेंब. वास कमी वाटतोय म्हणून वाढवू नका, दोन मिनिटांत नाक सरावतं आणि तुम्ही थेंब टाकत राहता.

काही तेलांना याहून कडक मर्यादा आहे. लवंग आणि गवती चहा दोन्ही तीव्र. लवंगेत ७० टक्क्यांहून जास्त युजेनॉल असतं, गवती चहाच्या तेलात साधारण तेवढंच सिट्राल. लवंगेला ०.५ टक्के आणि गवती चहाला ०.७ टक्के ही वरची टोकं आहेत, आणि चेहऱ्यावर दोन्ही नकोतच. दालचिनीच्या सालीच्या तेलाची मर्यादा ०.०७ टक्के, म्हणजे १०० मिलीत जेमतेम दीड थेंब. घरी हे तेल त्वचेसाठी विकत घेण्यात काही अर्थ नाही.

आता हमखास होणारी चूक. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही. बादलीभर पाण्यात पाच थेंब टाकले तर ते वर तरंगतात आणि पहिल्याच तांब्यात खांद्यावर निव्वळ तेल येऊन बसतं. गुलाबपाण्यात किंवा कोरफडीच्या गरात थेंब घालून ढवळलं तरी हेच. ढवळणं थांबलं की कण पुन्हा एकत्र येतात, आणि शेवटच्या बोटाला सगळी मात्रा लागते. सुगंधी तेल आधी खाण्याच्या तेलातच मिसळायचं, आणि ते तेल अंगाला लावायचं.

मेंदीचंही गणित करून पाहा. १०० ग्रॅम पुडीला ३० मिली निलगिरी किंवा लवंगेचं तेल ही चालू कृती. भिजवल्यावर लेप साधारण ४०० ग्रॅम होतो, म्हणजे साडेसात टक्के तेल, तेही रात्रभर. तळहाताची जाड कातडी ते सोसते; उठतं ते मनगटावर आणि बाहूवर. त्यात लवंग तरी घालू नका. (काळ्या मेंदीतलं पीपीडी हे रंगाचं रसायन म्हणजे वेगळंच दुखणं, त्याचा सुगंधाशी संबंध नाही.)

अत्तर असेल तर प्रश्नच सोपा. अत्तर हे अल्कोहोलने पातळ न केलेलं तीव्र तेल असतं. ते कातडीला लावू नका, कपड्याच्या शिवणीला लावा.

तान्ह्या बाळाच्या तेलात मात्र सुगंध शून्य. कापूर त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो आणि लहान बाळांना त्याने झटके येऊ शकतात. सर्दीला छातीवर कापूर-निलगिरी चोळणं किंवा पुदिन्याचा अर्क नाकाजवळ लावणं दोन वर्षांखालच्या बाळाला करू नये. आजीचा आग्रह असला तरी.

उटणं मुळात सौम्य का, आणि बिघडतं कुठे

अख्ख्या वनस्पतीच्या चूर्णात तेल थोडंच असतं. वाळ्याच्या मुळात साधारण १ ते २ टक्के, नागरमोथ्यात १ टक्क्याच्या आत, गुलाबाच्या पाकळीत नगण्य. १०० ग्रॅम उटण्यात १० ग्रॅम वाळा घातला तर सगळं मिळून ०.१ ते ०.२ टक्के तेल, तेही पूर्ण सुटत नाही, आणि पाच-सात मिनिटांत धुऊन जातं. वास लागतो पण त्रास क्वचित, त्याचं कारण हे. आता त्यात ५ ग्रॅम लवंग टाकून पाहा. लवंगेच्या कळीत १५ टक्क्यांच्या आसपास तेल, म्हणजे चूर्णात पाऊण टक्का, आणि तेही बहुतेक युजेनॉल. एका मसाल्याने सगळा हिशेब पालटला.

घरी करायचं तर हे प्रमाण धरा:

मसूर डाळीचं पीठ ७० ग्रॅम
मुलतानी माती १० ग्रॅम
वाळा १० ग्रॅम
नागरमोथा ५ ग्रॅम
गुलाब पाकळी ३ ग्रॅम
आंबेहळद २ ग्रॅम

लवंग, दालचिनी, कापूर, बावची आणि कागदी लिंबाची वाळवलेली साल यात नको. संत्र्याची साल घालायची तर त्याच हंगामातली, ५ ग्रॅमपर्यंत; गेल्या दिवाळीची शिल्लक म्हणजे शिळं लिमोनीन. चूर्णाला मैद्याच्या चाळणीने भागत नाही, वस्त्रगाळच हवं. वाळ्याचे तंतू बारीक दळले तरी काट्यासारखे राहतात, त्वचेवर ओरखडे काढतात, आणि ओरखड्यातून सुगंधी रेणू खोल जातात. दोन बोटांत चिमूट धरून चोळा. खर लागली तर पुन्हा गाळा. आधी अंगाला साधं तेल लावा, मग उटणं पाण्यात किंवा दुधात भिजवून हलक्या हाताने लावा. वाळू देऊ नका. वाळलेलं उटणं घासून काढावं लागतं आणि तिथेच चेहरा सोलवटतो.

वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा दाढी केली असेल तर त्या भागाला दोन दिवस काहीही सुगंधी नको. रात्री रेटिनॉल किंवा आम्लयुक्त सीरम लावणाऱ्यांनी चेहऱ्याला उटणंही टाळावं.

लेबल वाचताना

भारतात कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने. सुगंध जवळपास नेहमी १ टक्क्याच्या आत असतो, त्यामुळे यादीतल्या त्याच्या जागेवरून काही अंदाज येत नाही. वर 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दात पन्नास घटक लपतात.

युरोपात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर मात्र २००५ पासून ठरावीक सुगंधी ॲलर्जीकारक (सुरुवातीला २६) नावानिशी लिहावे लागतात: त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याच्या वर, धुऊन टाकायच्या वस्तूत ०.०१ टक्क्याच्या वर. म्हणजे १०० ग्रॅम क्रीममध्ये १ मिलिग्रॅमहून जास्त असलं की नाव आलं. २०२३ च्या नियमाने ही यादी ८० च्या वर गेली आहे. नव्या वस्तूंना ती ३१ जुलै २०२६ पासून लागू. निर्यातीचा माल करणाऱ्या भारतीय कंपन्या पुष्कळदा तेच लेबल इथेही लावतात, आणि परदेशात राहणाऱ्यांच्या हातात तर ते असतंच. यादीच्या शेवटी शोधायची नावं ही: लिमोनीन, लिनालूल, सिट्राल, जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, युजेनॉल, आयसोयुजेनॉल, सिनॅमल, फार्नेसोल, कौमारिन.

'नो सिंथेटिक फ्रॅग्रन्स' म्हणजे सुगंधरहित नव्हे. तिथे लॅव्हेंडर किंवा जिरेनियमचं तेल वेगळ्या लॅटिन नावाने बसलेलं असतं. 'अनसेंटेड'वरही भिस्त नको, कच्च्या मालाचा वास मारायला त्यात कधी सुगंधच घालतात. 'फ्रॅग्रन्स-फ्री' हा त्यातल्या त्यात उपयोगाचा शब्द, तोही यादी ताडून पाहिल्यावर. आणि बेन्झिल अल्कोहोल दिसलं तर ते सुगंधासाठी असेल असं नाही, ते टिकाऊपणासाठीही घालतात. ॲलर्जी असलेल्याला दोन्ही सारखंच.

लावून पाहण्याची रीत

कानामागे लावून चोवीस तास थांबणं पुरत नाही. त्याने फक्त जळजळ पकडली जाते. खरी रीत अशी: कोपराच्या आतल्या घडीजवळ ५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन ठरवा. तिथे वस्तू रोज दोनदा, वाटाण्याच्या निम्मी, सात दिवस लावा. सात दिवसांत काही झालं नाही तरी शंका असेल तर चौदा करा. तो भाग धुतल्यावर पुन्हा लावायला विसरू नका. खाज, बारीक दाणे, खरखर किंवा काळपटपणा दिसला की चाचणी संपली, उत्तर मिळालं. साबण, शाम्पू आणि उटणं असं लावून ठेवायचं नसतं. ते जसं वापरता तसंच, पाच मिनिटं ठेवून धुवायचं. पातळ न केलेलं सुगंधी तेल या चाचणीला कधीच लावू नका, त्यानेच ॲलर्जी जडू शकते. आणि एका वेळी एकच वस्तू. दिवाळीसाठी उटणं तपासायचं तर वसुबारसेला सुरुवात करून उपयोग नाही, दसऱ्याला करा.

उठलंच तर

सौम्य, बिनवासाच्या क्लेन्झरने आणि भरपूर पाण्याने धुवा. सुगंधी तेल नुसत्या पाण्याने निघत नाही. मग सगळं बंद: क्रीम, सीरम, डिओ, गुलाबपाणीही. ओल्या थंड फडक्याने शेक द्या आणि वर साधी पेट्रोलियम जेली लावा. हळद, चंदन, कोरफड असं 'थंड' काही त्यावर लावू नका, नाहीतर संशयितांची यादी वाढते. मेडिकलवाल्याकडून मिळणारी 'गोरं करणारी' मिश्र क्रीमं तर अजिबात नकोत; त्यात तीव्र स्टेरॉइड असतं, आठवडाभर बरं वाटतं आणि मग चेहरा पातळ, केसाळ, फोडांनी भरलेला होतो. पापण्या सुजल्या, पाणी भरलेले फोड आले, किंवा तीन-चार दिवसांत उतार नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. श्वासाला त्रास झाला तर थेट तातडीच्या विभागात.

जाताना वस्तू आणि तिचं खोकं दोन्ही न्या. पुन्हा पुन्हा उठत असेल तर पॅच टेस्ट सांगतील. त्यात पाठीवर छोट्या डब्या चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाचतात. सुगंधासाठी त्यात 'फ्रॅग्रन्स मिक्स' आणि 'बाल्सम ऑफ पेरू' (एका झाडाचा सुगंधी चीक) असतात, तुमची क्रीमंही सोबत लावता येतात. तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम आला की पट्ट्या सुटतात, म्हणून मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ही टेस्ट वाया जाण्याची शक्यता फार. त्वचा शांत असताना डिसेंबर-जानेवारीतली तारीख मागून घ्या.